साडेचार सेकंदांची मोजणी

नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याच्या आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘अणुबॉम्बवाले परब’ अशी होती. मुंबईतल्या एका अणुसंशोधन संस्थेत मी नोकरीला आहे, एवढंच लोकांना माहीत. मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलं की कुणीतरी म्हणायचंच, “परब, एक छोटासा घेऊन या ना, सेक्रेटरीच्या गॅलरीत ठेवू.” मीही हसायचो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी बॉम्बचा नटबोल्टसुद्धा पाहिला नाही. मी मालवणकडचा, आयटीआय केलेला फिटर. शास्त्रज्ञांनी कागदावर पेन्सिलीने काढलेली वस्तू लोखंड-पितळेत उतरवायची, चालत नसेल तर चालवायची आणि चालायला लागली की बाजूला उभं राहायचं, हे माझं काम.

त्यातलं एकच काम आज सांगणार आहे. नव्वदच्या दशकातलं. त्याचा मला अभिमान आहे आणि त्यातल्या एका गोष्टीची लाजही आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय ते पुरं होणार नाही.

आमच्या गटाच्या प्रमुख होत्या डॉ. लेले. सगळे त्यांना लेले मॅडम म्हणायचे. आवाज कधी चढवायच्या नाहीत. कुणी चुकीचं बोललं की नुसतं ‘हं’ म्हणायच्या, आणि ते ‘हं’ ऐकणाऱ्याच्या पोटात दिवसभर राहायचं. त्यांचा विषय अल्पायुषी अणुकेंद्रकं. त्यांच्या गटात माझी बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं होतं, “मॅडम, हे अर्धायुष्य म्हणजे नक्की काय हो?”

त्यांनी हातातलं काम ठेवलं. “समजा, एक हजार केंद्रकं तयार झाली. त्यांचं अर्धायुष्य दहा सेकंद. म्हणजे दहा सेकंदांनी पाचशे उरतील, बाकीची फुटून दुसरंच काहीतरी झालेली असतील. आणखी दहा सेकंदांनी किती उरतील?”

“एकही नाही,” मी म्हणालो.

“अडीचशे. मग सव्वाशे. दर खेपेला उरलेल्यांतली निम्मी जातात.”

“त्यातलं आधी कुठलं जाणार, हे कसं कळतं?”

“कळत नाही. कुणालाच नाही. ती म्हातारी होत नाहीत, परब. आत्ता जन्मलेलं केंद्रक आणि मिनिटभर तग धरून राहिलेलं केंद्रक, दोघांचा पुढच्या क्षणाचा धोका सारखाच. एकट्याचं काही सांगता येत नाही, हजारांचं मात्र चोख सांगता येतं.”

त्या दिवशी मी डबा खायचा विसरलो होतो. एकट्याचं काही सांगता येत नाही आणि हजारांचं चोख सांगता येतं, हे वाक्य मला आजही पुरतं उमगलंय असं म्हणवत नाही.

मोजायची पद्धत ऐकायला सोपी. अ‍ॅक्सिलरेटरमधून वेगाने आलेले कण एका पातळ पत्र्यावर आदळतात आणि तिथे नवी केंद्रकं जन्मतात. पण तिथेच मोजायला गेलं तर कणांच्या माऱ्यात काही ऐकू येत नाही. बँड वाजत असताना कुणाची कुजबुज ऐकायला जावं तसं. म्हणून नवजात केंद्रकं एका फितीवर बसवायची, फीत झटकन ओढून शिशाच्या भिंतीपलीकडे न्यायची, डिटेक्टरसमोर थांबवायची आणि केंद्रक फुटताना निघणारे किरण मोजायचे. पहिल्या सेकंदाला किती, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती. ते आकडे ज्या वेगाने उतरतात त्यावरून अर्धायुष्य काढायचं.

अडचण एवढीच, की मॅडमना जे केंद्रक हवं होतं त्याचं आयुष्य पाचेक सेकंदांचं. फितीने एक मीटरचं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापायचं आणि ठरल्या जागी गप्प उभं राहायचं. अशी यंत्रं परदेशात होती. आम्हाला ते इथेच करायचं होतं आणि करायचं होतं मी.

मी केलं. कॉम्प्युटर विभागाने टाकून दिलेली चुंबकीय टेप घेतली, दोन मोठी रिळं, एक जोरकस मोटर. बटण दाबलं की मोटर हिसका मारायची, टेप सुटायची आणि तुटायची. कधी तिसऱ्या खेपेला, कधी तिसाव्या. मोटरचा जोर कमी केला तर टेप वेळेत पोचेना. वाढवला तर तुटे. बाजूच्या पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या, रुळांना तेल दिलं, जाड टेप आणली. पाच आठवडे गेले. अ‍ॅक्सिलरेटर वापरायची आमची पाळी दोन महिन्यांवर आली होती, आणि ती चुकली असती तर पुढली वर्षभराने. मॅडम रोज सकाळी यायच्या, जमिनीवर पडलेले तुकडे बघायच्या आणि निघून जायच्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बस्त्यावकाका.

नालासोपाऱ्यात तेव्हा एक सिनेमा थेटर होतं. बस्त्यावकाका तिथे ऑपरेटर, म्हणजे मशीनवर रीळ चढवून सिनेमा दाखवणारे. घर किनाऱ्यावरच्या राजोडी गावात, घरचे सगळे मासेमारीवर. काकांना समुद्र लागायचा. होडीत बसलं की उलट्या. म्हणून तरुणपणीच त्यांनी किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि थेटरच्या केबिनमध्ये शिरले ते तिथेच राहिले. आमची ओळख झाली ती एका रविवारी. शो मध्येच बंद पडला, मला राहवेना, मी जिना चढून केबिनमध्ये गेलो. मशीनचं एक बुश, म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती पितळी नळी, झिजलं होतं. वसई पूर्वेला माझ्या एका मित्राचा लेथ मशीनचा गाळा होता, तिथून पुढच्या रविवारी ते करून दिलं. तेव्हापासून मला केबिनमध्ये स्टूल मिळालं आणि काकांच्या घरचा बोंबील-पाव मिळाला.

तर अशाच एका रविवारी मी केबिनमध्ये तोंड पाडून बसलो होतो. शर्टाच्या खिशात टेपचा एक तुकडा होता. कोरीच टेप, नुसत्या चाचणीतली, किरणोत्सर्ग न लागलेली. घाबरायचं कारण नाही. काकांनी तो बोटांत धरला, दिव्याजवळ नेला, तुटलेल्या टोकावरून नख फिरवलं.

“हिला हिसका बसलाय,” ते म्हणाले.

“बाजूची पट्टी कापत असेल असं मला वाटतं.”

“कापलेली अशी नसते. ही बघ, टोकाला लांबलीय, बारीक झालीय. आधी ताणली, मग तुटली. लूप किती सोडलाय?”

“कसला लूप?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या फिटरने ‘कसली मोटर?’ असं विचारलंय. मग खांद्याला धरून मला चालू मशीनसमोर उभं केलं. “मोठं रीळ बघ. कसं फिरतंय?”

“एकसारखं.”

“आनि खिडकीसमोर फिल्म कशी चाललीय?”

मी वाकून पाहिलं. तिथे फिल्म थांबत होती, सुटत होती, थांबत होती, सुटत होती. एका सेकंदात चोवीस वेळा.

“रीळ जड. त्याला चोवीसदा थांबवशील काय? हिसक्याने रीळ हलत नाय, फिल्म तुटते. म्हनून मधी हा ढिला फुगा सोडायचा.” त्यांनी बोट दाखवलं. खिडकीच्या वर आणि खाली फिल्मचा एक सैल बाक होता, हवेत थरथरणारा. “हिसका मारनाऱ्याने फुग्यातली फिल्म घ्यायची. रिळाने आपल्या चालीने फुगा भरायचा. दोघांची गाठ पडू द्यायची नाय. तुझी टेप थेट रिळाला बांधलेली हाय, व्हय ना?”

होय. पाच आठवडे मी मोटरला थेट रीळ ओढायला लावत होतो. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी बदडत होतं आणि खाली प्रेक्षक ओरडत होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

“आनि टेप कशाला?” काका म्हणाले. “ती गुळगुळीत. घसरनार. फिल्म घे. फिल्मला भोकं असतात, दात्यात अडकते. दाता जिथे थांबला तिथे फिल्म थांबली.” कपाटाखालच्या खोक्यातून त्यांनी एका जुन्या मोडक्या मशीनचं दातेरी चाक काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

चाक घरी आणून मी मायक्रोमीटरने एकेक दाता मोजला आणि प्रयोगाच्या वहीत मांडला. सगळे सारखे. झीज नावालाही नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

फिल्मची तयारी आमच्या घरी झाली. टाकाऊ फिल्मवरचा चित्रांचा थर काढायला काकांनी सांगितलेला उपाय म्हणजे कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा. माझी बायको सुनंदा आधी वैतागली, मग पदर खोचून बसली. दोन दिवस आमच्या मोरीत सिनेमातली माणसं विरघळून वाहून गेली. धुतलेल्या कोऱ्या पट्ट्या गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी ओरडून विचारलं, “वहिनी, हे कसले पापड?” सुनंदा म्हणाली, “यांच्या ऑफिसचे आहेत.” त्यावर बाई खिडकी लावून आत गेल्या.

यंत्र चाललं. पहिल्या दिवशी दोनशे खेपा, दुसऱ्या दिवशी हजार. फिल्म तुटली नाही. फुगा थरथरायचा, चाक फिरायचं, टक्क करून थांबायचं. मॅडम स्टूल ओढून समोर बसल्या आणि पाऊणएक तास नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “परब, हे कुणाला सुचलं?” मी सांगितलं. त्यांनी वहीत काकांचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

पाळी आली. तीन दिवस अ‍ॅक्सिलरेटर आमचा होता. आकडे सुंदर उतरत होते. कागदावर ठिपके एका रेषेत बसत होते, जणू कुणी दोरी ओढून रांगोळी घातलीय. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी हिशेब केला. पुन्हा केला. मग पेन खाली ठेवलं.

अर्धायुष्य साडेचार सेकंद येत होतं.

यात वाईट काय, ते सांगायला हवं. हे केंद्रक याआधी एकदाच मोजलं गेलं होतं. ते मोजलं होतं लेले मॅडमनीच, तरुणपणी, त्या काळच्या साधनांनी. त्यांचा आकडा होता साडेपाच. तो जगभरच्या तक्त्यांत छापलेला होता, इतरांनी आपल्या हिशेबांत वापरला होता, मॅडमचं नाव त्यावरच झालं होतं. आता एक तर तो आकडा चुकीचा होता, नाहीतर माझं यंत्र.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. ते मॅडमचे हितचिंतक होते. “इतकी घाई कशाला?” ते म्हणाले. “फिल्म थांबल्यावर हळूहळू सरकत असेल. डिटेक्टरसमोरून माल सरकला की आकडे लवकर उतरणार, आयुष्य कमी दिसणार. सरळ आहे. घरगुती यंत्र आहे, असं व्हायचंच.”

तर्क बिनतोड होता. फिल्म सरकत असेल तर अगदी असंच दिसलं असतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी विचारलं, “परब, तुम्हाला काय वाटतं? सरकत असेल?”

त्या वेळी माझी बढतीची मुलाखत जवळ आली होती. समोर साहेब होते. मी म्हणालो, “असू शकेल. ते चाक माझं नव्हे, मॅडम. थेटरच्या भंगारातलं आहे. ऑपरेटरने दिलं म्हणून बसवलं. दाते झिजलेले असतील.”

दाते झिजलेले नाहीत हे मला माहीत होतं. मी स्वतः मोजले होते.

मॅडम ‘हं’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, “असं असेल तर ज्यांचं चाक आहे त्यांनाच विचारू. बोलवा त्यांना.”

सिनेमाच्या ऑपरेटरला आमच्या संस्थेच्या फाटकातून आत आणणं हे अर्धायुष्य मोजण्याहून अवघड निघालं. फॉर्मवर ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात मी लिहिलं, आठवी आणि ऑपरेटरचा सरकारी परवाना. ‘भेटीचं कारण’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘तांत्रिक सल्ला’. दहा दिवसांनी पास आला.

मी राजोडीला काकांना आणायला गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना घालायचे बूट, हातात बायकोने दिलेली शहाळ्यांची पिशवी. वाटेत मी त्यांना एवढंच सांगितलं, की आकडा जुळत नाही आणि मॅडमना चाकाबद्दल विचारायचंय. बैठकीत मी काय बोललो ते सांगितलं नाही.

अ‍ॅक्सिलरेटर बंद होता म्हणून त्यांना आतपर्यंत येता आलं. काका यंत्राभोवती एकदा फिरले, हात मागे बांधून. फुग्यापाशी थांबले. “फुगा दोन बोटं मोठा हाय,” म्हणाले, “पन चालेल.” मग मॅडमकडे वळले. “मॅडम, हे चालताना तुमी बघता काय?”

“कॅमेरा लावलाय. पण हलक्या सरकण्याचा त्यात पत्ता लागत नाही.”

“आमच्याकडे फिल्म केसभर सरकली ना, तर पडद्यावर हिरोचं तोंड हातभर वर जातंय. लगेच पब्लिक शिट्ट्या मारते. मला खिडकीतून बघायला पन लागत नाय. शिट्टी आली, म्हंजे मशीन बिघडली. शिट्टी नाय, तर मशीन चांगली.” ते थांबले. “तुमच्याकडे शिट्टी मारायला कोन हाय?”

खोलीत पाचसहा डॉक्टरेट मिळवलेली माणसं होती. मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“परब,” त्या म्हणाल्या, “फिल्मवर दीर्घायुषी किरणोत्सर्गी पदार्थाचा एक ठिपका बसवा. वर्षानुवर्षं टिकणारा. तो काही सेकंदांत कमी होणार नाही. फिल्म पळवा, थांबवा आणि मोजा. आकडे उतरले तर फिल्म सरकतेय. नाही उतरले, तर...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आकडे उतरले नाहीत तर चूक त्यांची ठरणार होती, आणि ते सिद्ध करायची युक्ती त्याच मला देत होत्या.

नियमाप्रमाणे ठिपका बसवताना काकांना बाहेरच्या खोलीत बसवलं. शहाळी तिथे सगळ्यांना वाटली गेली. मी यंत्र सुरू केलं. फिल्म पळाली, टक्क करून थांबली, आकडे येऊ लागले. पहिल्या सेकंदाला जेवढे, विसाव्याला तेवढेच. पन्नास खेपा केल्या, शंभर केल्या. कागदावरची रेषा ओट्यासारखी सपाट. विभागप्रमुख चष्मा पुसत राहिले.

मॅडम बाहेर गेल्या आणि काकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “शिट्टी आली नाही.”

“मग मशीन चांगली,” काका म्हणाले.

“मशीन चांगली आहे. चूक माझी आहे. आता ती शोधायची.”

ती त्यांनी आठवड्याभरात शोधली. जुन्या वह्या घरून आणल्या, पानं पिवळी पडलेली, त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरातली. टेबलावर पसरून त्या एकेक पान परत तपासत होत्या, दुसऱ्या कुणाची उत्तरपत्रिका तपासावी तशा. चूक काय होती, ते काकांना समजावं म्हणून पुढच्या भेटीत त्यांनी फार छान सांगितलं. “तुमच्या थेटरला एकच डोअरकीपर आहे. दार उघडल्या उघडल्या गर्दी घुसते. त्याला मोजायला सांगितलं, तर त्या रेटारेटीत काही माणसं त्याच्या नजरेतून सुटणार. नंतर एकेक जण येतो, तो बरोबर मोजला जातो. मग त्याच्या वहीत काय दिसेल? सुरुवातीला फारशी गर्दी नव्हतीच, आणि ती सावकाश ओसरली. माझं जुनं यंत्र तो डोअरकीपर होता. सुरुवातीचे किरण त्याच्याकडून सुटले, म्हणून आयुष्य लांबल्यासारखं दिसलं. सुटलेल्यांची भर मी घातली होती, पण पुरेशी नाही. या खेपेला मी मुद्दाम गर्दीच कमी ठेवली.”

काका म्हणाले, “आमचा डोअरकीपर तर पैले दहा मिन्टं मोजतच नाय.”

महिनाभराने संस्थेच्या सभागृहात मॅडमचं व्याख्यान झालं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, साडेपाच आणि साडेचार. पहिल्यावर खडूने आडवी रेघ मारली. “यातला पहिला आकडा माझा आहे आणि तो चुकीचा आहे,” त्या म्हणाल्या, आणि ज्या आवाजात त्या रोज बोलायच्या त्याच आवाजात पुढचं सांगू लागल्या.

शेवटी एका तरुण शास्त्रज्ञाने उठून विचारलं, “मॅडम, इतकी वर्षं लोकांनी तुमचा जुना आकडा वापरला. त्यांच्या कामाचं काय?”

“मला जेवढे लोक माहीत आहेत, त्या सगळ्यांना मी पत्रं लिहिली आहेत,” मॅडम म्हणाल्या. “काल टपालात टाकली. ज्यांचे पत्ते मिळाले नाहीत त्यांच्यासाठी आता छापायला दिलेला हा शोधनिबंध.”

सभागृहात टाळ्या झाल्या नाहीत. तशी पद्धतही नाही. पण माणसं उठून बाहेर जाताना मॅडमच्या खुर्चीपाशी जराशी रेंगाळत होती, हे मी पाहिलं. मी खूप हुशार माणसं पाहिली. स्वतःच्या चुकीवर स्वतःच्याच हाताने, सगळ्यांसमोर, इतकी सरळ रेघ मारणारं माणूस ते एकच.

छापून आलेल्या निबंधाच्या शेवटी आभार मानायच्या ओळी असतात. तिथे माझं नाव होतं आणि बस्त्यावकाकांचंही, पूर्ण नाव, राजोडी गावासकट. मॅडम स्वतः प्रत घेऊन त्यांच्या घरी गेल्या होत्या. काकूंनी त्यांना सुरमई खाऊ घातली. मॅडम एरवी शाकाहारी. त्या दिवशी त्यांनी रस्सा पावाला लावून खाल्ला आणि ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगू नका म्हणाल्या. आता त्या निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, त्यामुळे सांगायला हरकत नसावी.

मला बढती मिळाली. मुलाखतीत याच यंत्राबद्दल विचारलं. मी सगळं नीट सांगितलं, फक्त बैठकीतलं ते वाक्य सोडून. मॅडमनी ते कधी पुन्हा काढलं नाही. त्यांना माझी मोजमापांची वही माहीत होती. दात्यांचे आकडे त्यात होते, तारखेसह, आणि प्रयोगाची प्रत्येक वही त्या वाचायच्या. म्हणजे त्यांना कळलं असणार. त्यांनी ते माझं माझ्याकडेच राहू दिलं.

दोन हजार सालानंतर थेटरची दशा झाली. घरोघरी केबल, मग सीडी. शोला पंधरावीस माणसं येईनात. एक दिवस मालकाने कुलूप लावलं आणि काकांचं केबिन संपलं. ते राजोडीला घरी बसले. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांच्या गाड्या त्यांच्या वाडीत लागायच्या. काका खुर्ची टाकून त्यावर लक्ष ठेवायचे. ज्या समुद्राकडे त्यांनी जन्मभर पाठ केली, त्याच्याकडे तोंड करून बसायची वेळ आली म्हणून स्वतःच हसायचे.

एका दुपारी मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. का कोण जाणे, तोंडातून निघालं, “काका, एक सांगायचंय. तुम्हाला संस्थेत बोलावलं ना, ते माझ्यामुळे. आकडा जुळेना तेव्हा मी सगळ्यांसमोर तुमच्या चाकावर ढकललं. म्हटलं, भंगारातलं आहे, दाते झिजले असतील. मला माहीत होतं झिजलेले नाहीत म्हणून.”

एक गाडी मागे येत होती, तिला काकांनी हाताने थांबायची खूण केली. मग म्हणाले, “म्हायती हाय मला.”

“मॅडमनी सांगितलं?”

“त्या कशाला सांगतील? तू न्यायला आलास ना, तर वाटभर माज्या तोंडाकडे एकदा पन बघितलं नायस. मी ओळखलं, याने कायतरी माज्या नावावर टाकलंय.”

“मग तुम्ही आलात कशाला? शर्टाला इस्त्री करून, शहाळी घेऊन?”

“तुज्यासाठी नाय आलो, परबा,” काका म्हणाले. “चाक माजं होतं. त्याच्यावर आळ आला, तर त्याच्या बाजूने उभं राहायला कोनीतरी नको?”

मग त्यांनी उठून त्या गाडीवाल्याला नारळाच्या झाडापासून जरा दूर घ्यायला सांगितलं. परत येऊन बसले आणि घरात हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला.